शिंकांचा हंगाम : ऋतुजन्य नासाविकार, त्याची कारणे व उपाय

दिवाळीचा पाडवा उलटतो न उलटतो तोच आपल्या बिरसा तहसिलीत नव्या धानाची आवक सुरू होते. वहीपूजनाचे कुंकू अजून ओले असते, पेढीच्या गादीवर नवे पांढरे शुभ्र आच्छादन घातलेले असते, दाराशी बैलबंड्या व ट्रॅक्टर यांची रांग लागलेली असते. आणि नेमक्या याच दिवसांत आपल्यापैकी अनेकांच्या नाकात एक निराळाच बाजार भरतो. एकामागून एक पंधरा-वीस शिंका, नळ उघडल्यासारखे वाहणारे नाक, टाळूला व डोळ्यांना सुटलेली खाज आणि दिवस मावळेपर्यंत जड झालेले डोके. सौद्याच्या वेळी शिंक आडवी आली म्हणजे अपशकुन, असे आपल्या वाडवडिलांनी मानले. परंतु जो मनुष्य सकाळपासून चाळीस वेळा शिंकला आहे, त्याच्या बाबतीत कोणती शिंक शकुनाची व कोणती अपशकुनाची, हे ठरवावयाचे तरी कसे? अशा वेळी शकुन पाहण्यापेक्षा कुठे माशी शिंकली याचा शोध घेणेच शहाणपणाचे होय.

आम्ही वैद्य नव्हे, व्यापारी आहो. तथापि या विकाराने आमच्या घरी तीन पिढ्या ठाण मांडले आहे, आणि अज्ञानापायी त्याची जी किंमत आम्ही मोजली, ती आपल्या सभासद बंधुभगिनींस मोजावी लागू नये, एवढ्याच हेतूने हा लेखप्रपंच केला आहे. आमच्या धाकट्या चिरंजीवास वयाच्या नवव्या वर्षापासून दर कार्तिकात शिंका येत. "सर्दीच ती, थंडी संपली की जाईल," असे म्हणून आम्ही चार वर्षे दुर्लक्ष केले. पाचव्या वर्षी मळणीच्या दिवसांत एका रात्री त्याचा श्वास कोंडला. छाती भात्याप्रमाणे वर-खाली होऊ लागली. बैहरमार्गे घाट उतरून बालाघाटास पोहोचेपर्यंतचे ते काही तास आमचे आम्हासच ठाऊक. मुलगा वाचला, आज धडधाकट आहे. परंतु "नाकाकडे वेळीच पाहिले असते, तर छातीपर्यंत पाळी बहुधा आली नसती," हे डॉक्टरांचे शब्द आमच्या खतावणीत कायमचे नावे पडले आहेत.

हा विकार म्हणजे काय?

आपल्या शरीरात बाहेरच्या शत्रूंपासून रक्षण करणारी एक यंत्रणा आहे. रोगजंतू आत शिरला की ती त्यास ओळखते व हाकलते. काही माणसांत मात्र हा पहारेकरी वाजवीपेक्षा अधिक सावध असतो. गवताचा पराग, धुळीतील सूक्ष्म कीटकांचे अवशेष, बुरशीचे कण अशा निरुपद्रवी पाहुण्यांनाही तो दरोडेखोर समजतो. पहिल्या भेटीत तो त्यांची नोंद करून ठेवतो. पुढील खेपेस तोच कण नाकात आला, की धोक्याची घंटा वाजवितो. ही नोंद म्हणजे रक्तातील इम्युनोग्लोब्युलिन-ई नावाचे द्रव्य. नाकाच्या अस्तरातील विशिष्ट पेशींवर ते चिकटून बसते. ओळखीचा कण येताच त्या पेशी हिस्टामिन व तत्सम द्रव्ये बाहेर टाकतात. त्यांमुळेच खाज, शिंका, पाणी व सूज हा सारा उत्पात होतो. थोडक्यात, दोष परागाचा नव्हे, पहारेकऱ्याच्या गैरसमजाचा आहे.

या गैरसमजाचा शोध लागावयास दीडशे वर्षे लागली. १८१९ साली लंडनमध्ये जॉन बॉस्टॉक या डॉक्टराने स्वतःच्याच दुखण्याचे वर्णन वैद्यकसभेपुढे वाचले. पुढे यास 'गवतज्वर' असे नाव पडले. वस्तुतः यात ज्वर नसतो, आणि वाळल्या गवताचाही दोष नसतो. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःच्या नाकावर व त्वचेवर प्रयोग केले, पतंगाला चिकट काचा बांधून उंच हवेतील पराग पकडले आणि १८७३ साली ग्रंथ लिहून हा विकार परागामुळे होतो हे दाखविले. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडविला. रक्तातील ते द्रव्य मात्र १९६६-६७ च्या सुमारास, अमेरिकेत इशिझाका दांपत्याने व स्वीडनमध्ये योहानसन व बेनिख यांनी, स्वतंत्रपणे शोधून काढले.

सर्दी कोणती, ॲलर्जी कोणती?

हा भेद घरच्या घरी पुष्कळसा करता येतो. साध्या सर्दीत अंग मोडून येते, कधी कणकण असते, घसा दुखतो, स्राव दोन-तीन दिवसांत घट्ट होतो आणि आठ-दहा दिवसांत सारे आटोपते. ॲलर्जीत ताप नसतो. नाक, डोळे व टाळू यांना खाज असते. शिंका माळेने येतात. स्राव पाण्यासारखा पातळ असतो. आणि त्रास आठवडेच्या आठवडे चालतो. सर्वांत मोठी खूण अशी की तो दरवर्षी त्याच सुमारास, किंवा त्याच जागी गेल्यावर, उद्भवतो. यास्तव आमची पहिली सूचना ही की रोकडवहीसारखीच एक लहानशी शिंकवही ठेवावी. तारीख, ठिकाण, वारा-पाऊस, त्या दिवशी केलेले काम व त्रासाचे मान एवढेच टिपावे. दोन हंगामांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेविली, तर निम्मे निदान तेथेच होते. उरलेले त्वचेवरील टोचणी-परीक्षेने किंवा रक्ततपासणीने होऊ शकते.

दुसरा एक भेद आपल्या धंद्यात विशेष महत्त्वाचा आहे. मिरचीचे पोते फुटले की सर्वांनाच शिंका येतात. धानगिरणीतील कोंड्याच्या धुरळ्याने कोणाचेही नाक चुरचुरते. ही ॲलर्जी नव्हे, ती केवळ जळजळ होय. परंतु ज्याचे नाक आधीच ॲलर्जीने सुजलेले आहे, त्याला हीच जळजळ दुप्पट बाधते. चुलीचा धूर, उदबत्ती व धूप यांचेही तसेच.

आपल्या मुलखातील अपराधी

सुवासिक, रंगीत फुलांवर लोक उगाच आळ घेतात. ज्या फुलांकडे भुंगे व मधमाश्या जातात, त्यांचा पराग जड व चिकट असतो. तो सहसा दूर उडत नाही. खरे अपराधी म्हणजे वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या, डोळ्यांत न भरणाऱ्या वनस्पती. पावसाळ्याच्या अखेरीपासून कार्तिकापर्यंत बांधावरची व माळावरची गवते फुलतात. राजगिऱ्याच्या कुळातील तणे, एरंड व गाजरगवत त्यांच्या जोडीला असतात. माघ-फाल्गुनात झाडांची पाळी येते. त्यांत पानगळीनंतर फुलणारा वावळ विशेष कुप्रसिद्ध आहे. म्हणजे आपल्याकडे शिंकांचे हंगाम दोन : एक धानाचा, दुसरा शिमग्याचा.

गाजरगवताविषयी दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात, कारण त्याचा इतिहास धान्यव्यापाराशी जोडलेला आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नजरेत भरले. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एक रोप हजारो बिया टाकते, आणि आज देशात असा रस्ता नाही की ज्याच्या कडेला ते नाही. त्याच्या पराग-कणांनी नाक वाहते व स्पर्शाने कातडीस खाजरा दाह होतो. आपल्या शेजारीच जबलपूरला भारतीय कृषि संशोधन परिषदेचे तणविज्ञान संशोधनाचे केंद्र आहे. त्याच्या प्रेरणेने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत-जागृती सप्ताह पाळला जातो. गोदामाच्या आवारातील रोपे फुलावर येण्यापूर्वीच, हातमोजे घालून व तोंड-नाक झाकून, मुळासकट काढावीत. फुले आल्यावर उपटणे म्हणजे पराग स्वहस्ते अंगावर घेणे होय.

घरातील अपराधी निराळे. गाद्या, उशा, गालिचे व जुने बारदान यांत डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे राहतात. दमट हवा त्यांना मानवते. साठविलेल्या धान्यातही असेच सूक्ष्म कीटक असतात. पावसाळ्यात भिंतींना ओल येते व बुरशी धरते. ज्यांचा त्रास बारमाही आहे, त्यांनी परागापेक्षा येथेच शोध घ्यावा.

अपथ्य टाळणे

पहिला उपाय औषधाचा नव्हे, यतनेचा. वारा वाहत असलेल्या कोरड्या दिवशी सकाळी शेताकडच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. मळणी, उफणणी व पोती झाडण्याच्या वेळी नाकावर नीट बसणारी, कण अडविणारी मुखपट्टी बांधावी. केवळ तोंडावर बांधलेली पट्टी नाकाचे रक्षण करीत नाही, आणि खांद्यावरचा गमछा सूक्ष्म कण अडवीत नाही. गोदाम कोरडे झाडण्याऐवजी किंचित ओल्या फडक्याने पुसावे. हमाल व मापाडी यांनाही मुखपट्टी पुरविणे हे मालकाचे कर्तव्य आहे; त्यांचे नाक आपल्या नाकाहून स्वस्त नाही. पेढीवरून घरी आल्यावर कपडे बदलावेत व हातपाय-तोंड धुवावे.

धूळकिड्यांसाठी डॉक्टर अंथरुणे साठ अंश उष्ण पाण्यात धुण्यास सांगतात. ज्या घरी हे जिवावर येते, त्यांनी निदान गादी-उशीस घट्ट विणीचे अभ्रे घालावेत, खोलीत गालिचे ठेवू नयेत व घर कोरडे राखावे, म्हणजे जीवोत्पत्तीच कमी होईल. बुरशीचेही तसेच. ओल धरू न देणे, शिळे व दमट न साठविणे ही आपल्या घरांची जुनी शिस्त आहे. धर्माने जी यतना शिकविली, तिचेच फळ येथे आरोग्याच्या रूपाने पदरात पडते.

डॉक्टरी औषधे

बाजारातील औषधांचे चार वर्ग ध्यानी घ्यावेत.

पहिला वर्ग हिस्टामिनविरोधी गोळ्यांचा. या वर्गातील मूळ संशोधनासाठी डॅनिएल बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्या स्वस्त खऱ्या, परंतु झोप आणतात. काचबिंदू किंवा लघवीच्या अडथळ्याचा विकार असलेल्या वृद्धांस त्या घातक ठरू शकतात. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ अशी गोळी घेऊन रात्री तांदळाची गाडी घेऊन निघाले आणि गोंदियाच्या वाटेवर झाडावर आदळले. दैव बलवत्तर म्हणून हातावर निभावले. लोरॅटाडिन व फेक्सोफेनाडिन या नव्या गोळ्यांनी झोप सहसा येत नाही; सेटिरिझिनने काहींना येते. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेऊ नये, त्याचा गुण कमी होतो. या गोळ्या बहुधा दिवसातून एकदाच लागतात. म्हणून ज्यांना चौविहाराचा नियम आहे, त्यांनी डॉक्टरांस तसे सांगून ती सूर्यास्तापूर्वी घेण्याची वेळ ठरवून घ्यावी. नियम व औषध यांत विरोध मानून औषध सोडून देण्याची गरज नाही. पुष्कळशा कॅप्सूलांचे आवरण प्राणिजन्य जिलेटिनचे असते. तेथे गोळीचा पर्याय मागावा.

दुसरा वर्ग नाकात मारावयाच्या स्टेरॉइड फवाऱ्याचा. बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन, मोमेटासोन ही त्यांची नावे. 'स्टेरॉइड' या शब्दाने घाबरून लोक हा फवारा टाळतात. वस्तुतः मध्यम व तीव्र त्रासात हाच सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो, आणि नाकापुरत्या त्या अल्प मात्रेचा फारच थोडा अंश शरीरात भिनतो. मात्र त्याचा पूर्ण गुण येण्यास एक-दोन आठवडे लागतात. म्हणून हंगामापूर्वी पंधरा दिवस सुरू करून तो रोज घ्यावा. आज मारला व उद्या सोडला, असे करू नये. मान किंचित पुढे झुकवावी. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत व डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, मधल्या पडद्याकडे नव्हे तर बाहेरच्या बाजूस रोखून मारावा. जोराने हुंगू नये. एवढी रीत पाळली, तर नाकातून रक्त येण्याची तक्रार पुष्कळ कमी होते.

तिसरा वर्ग नाक झटपट उघडणाऱ्या थेंबांचा; ऑक्सिमेटाझोलिन व झायलोमेटाझोलिन हे त्यातले. येथे आमचाच अनुभव सांगतो. एका दुकानदाराच्या सल्ल्याने आम्ही हे थेंब चार महिने घातले. प्रथम दिवसातून दोनदा, मग चारदा, मग उशाशी बाटली असल्याखेरीज झोप येईना. पुढे कळले की तीन ते पाच दिवसांपलीकडे हे थेंब घातले, तर त्यांच्यामुळेच नाक बंद होऊ लागते. सावकाराचे कर्ज फेडावयास त्याच सावकाराकडून पुन्हा कर्ज काढावे, तसा हा प्रकार. ती सवय सोडविण्यास आम्हास सहा आठवडे लागले.

चौथा वर्ग माँटेलुकास्टचा. आपल्याकडे ती लेव्होसेटिरिझिनच्या जोडीने सर्रास विकली जाते. तिच्यामुळे काहींना दुःस्वप्ने, चिडचीड, औदासीन्य व क्वचित आत्मघाताचे विचार येतात, म्हणून अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी २०२० साली कडक इशारा दिला. डॉक्टरांखेरीज ती घेऊ नये, आणि मुलांच्या वागण्याकडे लक्ष ठेवावे.

'वर्षाचे एकच इंजेक्शन' किंवा 'खात्रीची पुडी' यांपासून दूर राहावे. अशा इंजेक्शनांत व निनावी पुड्यांत बहुधा मोठ्या मात्रेचे स्टेरॉइड असते. तात्काळ आराम पडतो, आणि त्याचे व्याज मधुमेह, रक्तदाब व हाडांचा ठिसूळपणा या रूपाने पुढे द्यावे लागते.

मुळावरच घाव घालणारा एक उपाय आहे : ज्या कणाची ॲलर्जी, त्याचीच अल्प मात्रा क्रमाक्रमाने देऊन पहारेकऱ्याचा गैरसमज दूर करणे. लंडनच्या लेनर्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागावर हा प्रयोग प्रसिद्ध केला. यास साधारण तीन वर्षे लागतात, खर्चही होतो. इंजेक्शनानंतर क्वचित प्राणघातक प्रतिक्रिया होऊ शकते. म्हणून ते तज्ज्ञाच्याच दवाखान्यात घ्यावे व नंतर अर्धा तास तेथेच बसावे.

घरगुती व पारंपरिक उपाय

आयुर्वेदात 'प्रतिश्याय' या नावाने नाकाच्या विकारांचे विस्तृत वर्णन असून, सुश्रुतसंहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. हठयोगाच्या षट्कर्मांत नेतीचा समावेश आहे. यांपैकी मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुण्याचा उपाय आधुनिक वैद्यकानेही मान्य केला आहे. त्याने पराग धुऊन जातो व औषधही कमी लागते. अर्धा लिटर पाण्यास मिठाचा पाऊण लहान चमचा व चिमूटभर खाण्याचा सोडा पुरे. परंतु पाणी उकळून थंड केलेलेच हवे. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघे मेंदूत शिरलेल्या अमीबामुळे दगावले. आपल्या अनेक घरांत उकाळलेलेच पाणी पिण्याचा नियम आहे. तोच हंडा येथे उपयोगी पडतो. पात्र रोज धुऊन कोरडे करावे.

हळद-दूध, सुंठीचा काढा, सितोपलादि, हरिद्राखंड हे योग पुष्कळांना सुखावह वाटतात. त्यांच्या गुणाचा पुरावा अद्याप थोडा आहे. ते जोडीला असू द्यावेत, मुख्य औषधाच्या जागी नकोत. अशा चूर्णांस मधाचे अनुपान सांगतात. आपल्या घरांत मध वर्ज्य असल्याने वैद्यास विचारून कोमट पाणी किंवा तूप योजावे. मधाने ॲलर्जी बरी होते या समजुतीस भरवशाचा आधार नाही, तेव्हा आपले काही बुडत नाही. गुळवेलीच्या दीर्घ सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या तज्ज्ञांनी २०२१ साली नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, यकृताचा विकार असलेल्यांनी स्वतःच्या मनाने ती घेऊ नये. नस्य वैद्याच्या देखरेखीखालीच करावे. तान्ह्या मुलांच्या नाकात तेल कदापि घालू नये, ते फुप्फुसात उतरते. कापराचे मलमही दोन वर्षांखालील बालकास लावू नये. वाफेने घटकाभर बरे वाटते, परंतु ॲलर्जी जात नाही, आणि उकळत्या भांड्याने मुले भाजल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. होमिओपॅथीवर प्रयोग झाले आहेत, परंतु त्यांतून निश्चित गुण सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. आणि जुन्या पेढ्यांवरील तपकिरीची डबी? तिने नाक मोकळे होत नाही, तंबाखूचे व्यसन मात्र जडते. ती डबी आता काचेच्या कपाटातच शोभावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

छातीत सूं-सूं आवाज येत असेल, रात्री खोकल्याने जाग येत असेल, एकाच नाकपुडीतून रक्त वा दुर्गंधी स्राव येत असेल, चेहरा दुखून ताप येत असेल, मूल तोंडाने श्वास घेत असेल, किंवा दोन आठवड्यांच्या औषधाने उतार नसेल, तर विलंब करू नये. श्वास लागल्यास घरगुती उपायांत एक क्षणही दवडू नये. गर्भवती भगिनींनी कोणतेही औषध, ॲलोपॅथीचे असो वा वनस्पतीचे, विचारल्याखेरीज घेऊ नये.

नाकाचा विकार हा क्षुल्लक, असे आपण समजतो; परंतु झोप बिघडलेला मुलगा परीक्षेत मागे पडतो, शिंकणारा मुनीम बेरजेत चुकतो आणि उपेक्षित नाक एक दिवस छातीचे दार ठोठावते. आपण व्यापारी मंडळी उधारी थकू देत नाही, वेळच्या वेळी तगादा लावतो. शरीराच्या या लहानशा थकबाकीकडेही तीच नजर असावी. येत्या भाद्रपदात, धान निसवण्यापूर्वीच, ज्या घरी हा त्रास आहे तेथे शिंकवही उघडली जावी, मुखपट्ट्या आणून ठेवल्या जाव्यात व डॉक्टरांचा सल्ला घेतला जावा. एवढे झाले, तर पुढील दिवाळीचे वहीपूजन तरी आपणा सर्वांस निर्विघ्नपणे, आणि शिंकेवाचून, पार पाडता येईल.